शरदातील जादा फळे घरी कशी टिकवावीत

नवरात्र उलटून दिवाळी जवळ येऊ लागली की गडहिंग्लज तालुक्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. शेतात भुईमूग, सोयाबीन व भात यांची सुगी सुरू होते. आणि परसातील व बांधावरील पेरू, सीताफळ, पपई, लिंबू ही फळे याच सुमारास भराभर तयार होऊ लागतात. पहिल्या कामात घरातील सर्व हात गुंतलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याकडे पाहण्यास कोणासही सवड राहत नाही. काही फळे मुले खातात, काही शेजारी जातात, एखादी पाटी बाजारात जाते व तेथेही सर्वांच्याच पाट्या आलेल्या असल्यामुळे पडेल त्या भावाने द्यावी लागते. बाकीची झाडाखालीच कुजतात. कार्तिक संपता संपता आवळाही येतो आणि त्याचीही गत पुष्कळदा तीच होते.

हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील हा मुलूख फळबागांसाठी प्रसिद्ध नाही. तो उसाचा, भुईमुगाचा आणि मिरचीच्या बाजारपेठेचा मुलूख आहे. येथे बहुतेक घरी फळझाडे असतात ती दोन-चार. म्हणून कारखान्यातील फळप्रक्रियेची माहिती येथील शेतकरी कुटुंबास फारशी उपयोगी नाही. एका चुलीवर, घरातील भांड्यांत, एका दुपारी आटोपेल एवढेच काम येथे कामाचे. तेवढ्यापुरते हे विवेचन आहे.

जादा फळ म्हणजे उरलेले फळ नव्हे

फळे टिकविण्याच्या घरगुती प्रयत्नांत जी निराशा पदरी येते तिचे मूळ बहुधा कृतीत नसून फळाच्या निवडीत असते. बाजारातून परत आलेली, दाबलेली, अति पिकलेली फळे आता काही उपयोगाची नाहीत, तेव्हा त्यांचा जाम करावा, असा विचार घराघरांत होतो. तो काटकसरीचा वाटला तरी चुकीचा आहे. डागळलेल्या फळात बुरशी व किण्व आधीच शिरलेले असतात. त्यांना मारण्यास अधिक उकळावे लागते व अधिक उकळल्याने रंग, स्वाद आणि घट्ट होण्याची शक्ती ही तिन्ही जातात. यासाठी जादा फळ हे तोडणीच्याच दिवशी, बाजाराची पाटी भरण्यापूर्वी, वेगळे काढून ठेवले पाहिजे. झाडावर यंदा किती फळ आहे, घरात किती खपेल व बाजारात किती जाईल याचा अंदाज घरातील जाणत्या बाईस आठ दिवस आधी येतोच. त्या अंदाजाने चांगल्यातला चांगला माल टिकवणीसाठी ठेवावा आणि किरकोळ डागी फळ त्याच दिवशी खाण्यात संपवावे.

या म्हणण्यास शास्त्रीय आधार आहे. फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. जेली किंवा जाम गोठतो तो याच्या बळावर. कोवळ्या फळात तो न विरघळणाऱ्या रूपात असतो. फळ पाडाला आले की तो विरघळू शकेल अशा स्थितीत येतो. आणि फळ अति पिकून मऊ पडले की त्याचे तुकडे होऊन त्याची धरून ठेवण्याची शक्ती नाहीशी होते. म्हणजे ज्या दिवशी फळ कोणी घेईनासे होते त्या दिवशी ते जेलीच्याही उपयोगाचे राहिलेले नसते.

फळ कशामुळे नासते व कशामुळे टिकते

बुरशी, किण्व व सूक्ष्म जंतू या तिघांमुळे फळ नासते. या जीवांना पाणी लागते, हवा बहुतेकांना लागते, आणि आंबटपणा त्यांपैकी पुष्कळांना सोसत नाही. टिकविण्याचे सर्व उपाय याच गोष्टींवर बेतलेले आहेत. साखर पुरेशी घातली की ती पाणी धरून ठेवते व जंतूंना ते मिळू देत नाही. मिठाचेही कार्य तेच. उष्णतेने असलेले जंतू मरतात आणि घट्ट झाकणाने नवे आत येत नाहीत. आपल्याकडील साखरांबा, गुळांबा, मोरावळा व लोणची यांत हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. त्यामागचे कारण मात्र पुष्कळ उशिरा कळले. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत १८१० साली प्रसिद्ध केली व त्याबद्दल तेथील सरकारकडून त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. परंतु अन्न त्यामुळे का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्म जंतूंचे कार्य पाश्चरने दाखविले ते त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी.

कार्यकर्त्यांनी या ठिकाणी एक गोष्ट विशेष स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आंबट फळ व गोड फळ यांत टिकवणीच्या दृष्टीने मोठा भेद आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीज साध्या उकळत्या पाण्याने मरत नाही आणि बंद बाटलीत, हवा नसताना, ते वाढून अत्यंत जहाल विष तयार करते. त्या विषाने अन्नाचा वास किंवा चव बदलेलच असे नाही. मात्र पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा कमी असला, म्हणजे तो पुरेसा आंबट असला, तर हे बीज त्यात वाढू शकत नाही. लिंबू, आवळा व पेरू ही फळे या मर्यादेच्या आत असतात. पिकलेली पपई व सीताफळ बाहेर पडतात. यास्तव पपईच्या गरात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घातल्यावाचून तो बाटलीत भरू नये. आणि भाज्या तर घरी साध्या पाण्यात उकळून बाटलीबंद करण्याच्या भानगडीत पडूच नये.

पेरूची जेली

पेरू हे मूळचे अमेरिकेतील फळ. पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आले आणि त्याचे मराठी नावही पोर्तुगीज 'पेरा' या शब्दावरून पडले असे मानतात. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेली सरदार, म्हणजेच लखनौ ४९, ही जात महाराष्ट्रभर पसरली. गावठी पेरू आकाराने लहान व बियांनी भरलेला असला तरी तो जेलीस कमी प्रतीचा आहे असे समजू नये. किंबहुना थोडा तुरट-आंबट गावठी पेरू अधिक चांगली जेली देतो.

पावसाळ्यातील पेरू पाणचट असतो व त्यात फळमाशीच्या अळ्या फार. थंडी पडू लागल्यावर येणारे फळ सर्व दृष्टींनी सरस. म्हणून आश्विनात घाई न करता दिवाळीच्या आसपासचे फळ घ्यावे. दोन भाग पाडाला आलेले, कडक पण हिरवेपणा सोडू लागलेले, आणि एक भाग नुकते पिकलेले असे प्रमाण ठेवावे. पहिल्यातून पेक्टिन मिळते, दुसऱ्यातून स्वाद. प्रत्येक फळ कापून पाहावे. अळी असलेले फळ टाकून द्यावे, त्याचा चांगला भाग कापून घेण्याचा मोह धरू नये.

फळे धुऊन, साल न काढता, पातळ चकत्या कराव्यात. एक किलो चकत्यांस सुमारे एक लिटर पाणी, म्हणजे चकत्या जेमतेम बुडतील एवढे, घालावे व त्यात दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल किंवा एका मोठ्या लिंबाचा रस टाकावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा कल्हईचे असावे. उघड्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, लोखंडी कढईत काळा पडतो. मंद विस्तवावर अर्धा तास शिजू द्यावे. अधूनमधून लाकडी पळीने हलके दाबावे, पण घोटू नये. नंतर चौपदरी मलमलीच्या फडक्यात ओतून ते फडके खुंटीस टांगून ठेवावे आणि रस आपोआप ठिबकू द्यावा. येथे बहुतेकांचा धीर सुटतो व फडके पिळले जाते. पिळल्याने रस थोडा जास्त निघतो खरा, पण त्याबरोबर गर येऊन जेली गढूळ होते. काम रात्री करून फडके सकाळपर्यंत टांगून ठेवले तर पिळण्याचा प्रश्नच उरत नाही. सुगीच्या दिवसांत तर हीच रीत सोयीची, कारण उरलेले काम सकाळी तासाभरात होते.

निघालेल्या रसात पेक्टिन किती आहे यावर साखरेचे प्रमाण ठरते. प्रयोगशाळेत हे मद्यार्काने पाहतात. घरी त्याची गरज नाही. चार चमचे रस व तीन चमचे साखर लहान वाटीत उकळून त्याचे थेंब थंड ताटलीत टाकावेत. निवल्यावर बोटाने सरकविताना वर सुरकुती पडली तर एका लिटर रसास पाऊण किलो साखर पुरते. थेंब पातळच राहिला तर साखर वाढवून उपयोग नाही. रसच आधी थोडा आटवून घेतला पाहिजे. जेली बसत नाही म्हणून साखर ओतीत जाण्याची चूक नेहमी होते आणि शेवटी हाती पाक उरतो.

एका वेळी दोन लिटरपेक्षा जास्त रस घेऊ नये. रस उकळला की साखर घालावी, ती विरघळल्यावर एकदा फडक्यातून गाळावे, आणि मग विस्तव मोठा करून भराभर आटवावे. वर येणारी साय झाऱ्याने काढावी. पण ढवळत बसू नये, कारण त्याने हवेचे बुडबुडे आत राहतात. सुमारे वीस ते तीस मिनिटांत जेली तयार होते. शेवट ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पळी बुडवून आडवी धरली असता शेवटचे थेंब धारेने न गळता एकत्र येऊन पापुद्र्यासारखे तुटून पडतात, ही एक. दुसरी खूण तापमापकाची.

तापमापकाबाबत गडहिंग्लजकरांनी एक सावधगिरी घ्यावयास हवी. पुष्कळ पुस्तकांत जेली १०५ अंश सेल्सिअसवर तयार होते असे छापलेले असते. ते समुद्रकिनाऱ्यावरील गावांस लागू आहे. जसजसे उंचावर जावे तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळते. दर तीनशे मीटरांस सुमारे एक अंश. गडहिंग्लज समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथे पाणी साधारणपणे ९८ अंशांवरच उकळते. म्हणून पुस्तकातील १०५ वर भरवसा ठेवून आटवीत बसल्यास जेली चिकट व करपट होते. सोपा नियम असा की आधी त्याच तापमापकाने साध्या उकळत्या पाण्याची उष्णता पाहावी व त्यात पाच अंश मिळवावेत. येथे तो आकडा १०३ च्या जवळपास येईल. त्या वेळी पदार्थात शेकडा ६५ भागांच्या आसपास घन अंश झालेला असतो, आणि जेली टिकण्यास तेवढा लागतोच.

फडक्यात उरलेला चोथा टाकू नये. तो चाळणीवर घासून बिया काढाव्यात, त्यात थोडा पिकलेल्या पेरूचा गर मिसळावा, गराच्या वजनाइतकी साखर, चमचाभर लिंबाचा रस व थोडे लोणी घालून तो मंद विस्तवावर भांडे सोडीपर्यंत घोटावा. ताटास लोणी लावून थापल्यास उत्तम वड्या पडतात. आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर गोव्यात हा पदार्थ पेराद या नावाने घरोघरी होतो. नाताळाच्या फराळात त्याचे ताट असतेच.

गूळ चालेल काय?

कोल्हापूरच्या गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाच्या मुलखात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला जाणार व तो रास्तही आहे. जेलीस गूळ चालत नाही. गुऱ्हाळात रस निवळण्यासाठी चुना वापरतात व त्याचा अंश गुळात राहतो. त्याने फळाचा आंबटपणा मरतो आणि आंबटपणावाचून पेक्टिन गोठत नाही. शिवाय गुळाचा रंग व वास पेरूचा रंग व वास झाकून टाकतो. परंतु जेथे गोठण्याचा प्रश्न नाही तेथे गूळ निःसंकोच वापरावा. वरील वड्या अर्ध्या साखरेच्या व अर्ध्या गुळाच्या केल्यास चांगल्या होतात, आणि गुळातील आवळा तर पुष्कळांना साखरेतल्याहून अधिक आवडतो. मात्र गूळ आधी पाण्यात विरघळवून, उकळून व गाळून घ्यावा. गुळात पाण्याचा अंश साखरेपेक्षा जास्त असल्याने पाक नेहमीपेक्षा अधिक घट्ट ठेवावा लागतो.

मोरावळा

आवळ्यातील क जीवनसत्त्वाचा पुष्कळ गवगवा आहे व तो निराधार नाही. निरनिराळ्या पृथक्करणांत शंभर ग्रॅम आवळ्यात ते २५० पासून ६०० मिलिग्रॅमपर्यंत आढळले आहे. पेरूतही ते शंभर ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. शिजविताना व साठविताना त्यातील काही भाग नष्ट होतो. म्हणून ताजे फळ मिळते तोपर्यंत मुलांना ताजेच द्यावे. टिकवण ही फळ नसलेल्या महिन्यांसाठी.

मोरावळा करणे बहुतेक घरांत ठाऊक आहे, तथापि आवळे आक्रसून कडक होतात ही तक्रारही बहुतेक घरांत आहे. याचे कारण घाई. ताज्या फळास एकदम घट्ट पाकात टाकले की पाक त्याच्यातील पाणी वेगाने बाहेर ओढतो, साखर आत शिरण्यापूर्वीच फळ सुकते व चामड्यासारखे होते. पाक पायरीपायरीने घट्ट करीत नेला तर बाहेर जाणाऱ्या पाण्याची जागा साखर घेत राहते आणि आवळा टपोरा राहतो.

मोठे, डाग नसलेले आवळे निवडावेत. स्टीलच्या काट्याने किंवा बांबूच्या सळईने बीपर्यंत टोचावेत. लोखंडी सुई वापरल्यास आवळ्यातील तुरट द्रव्याशी संयोग होऊन फळ काळे पडते. एका लिटरास वीस ग्रॅम मीठ अशा पाण्यात ते एक दिवस ठेवावेत, पाणी बदलून आणखी एक दिवस ठेवावेत, मग स्वच्छ धुवावेत. तुरटपणा बराच उतरतो. उकळत्या पाण्यात पाच ते सात मिनिटे, पाकळ्या सुटू लागल्यासारख्या दिसेपर्यंतच, शिजवावेत. नंतर आवळ्यांच्या वजनाइतक्या साखरेचे थर देऊन रात्रभर ठेवावे. सकाळी सुटलेला पाक निथळून घेऊन तेवढाच उकळावा, थोडा आटवावा व कोमट झाल्यावर परत आवळ्यांवर ओतावा. असे तीन-चार दिवस रोज करावे. लागेल तशी आणखी पाव किलोपर्यंत साखर घालावी. पाक मधासारखा झाला व दोन दिवस ठेवूनही पुन्हा पातळ झाला नाही म्हणजे मोरावळा झाला. मधल्या दिवसांत एखादा दिवस चुकला तर तो पातळ पाक आंबतो, हे लक्षात ठेवून ज्या आठवड्यात मळणी नाही तोच आठवडा या कामास निवडावा. वेलदोडे शेवटी घालावेत.

लिंबू

लिंबू पावसाळ्यात व त्यानंतर स्वस्त असते आणि उन्हाळ्यात त्याच लिंबास मोजून पैसे द्यावे लागतात. इतर फळांची टिकवण ही चवीची व हौसेची बाब म्हणता येईल. लिंबाची निव्वळ हिशेबाची आहे.

स्क्वॅशसाठी एक लिटर गाळलेला रस, दोन किलो साखर व एक लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. साखर व पाणी उकळून, गाळून, पूर्ण थंड करावे व मगच त्यात रस मिसळावा. गरम पाकात रस घातल्यास तो कडवट होतो व त्याचा ताजेपणा जातो. रस उकळलेला नसल्यामुळे या पदार्थास संरक्षक द्रव्याची गरज असते. वरील प्रमाणास दोन ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावे. ही पूड काट्यावर तोलूनच घ्यावी, चमच्याच्या अंदाजाने कधीही घेऊ नये. महिला मंडळाने अथवा बचत गटाने दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या एकदम तोलून ठेवल्यास उत्तम. अधिक घातल्याने स्क्वॅश अधिक टिकत नाही, घशास मात्र लागते. दमा असलेल्या व्यक्तीस हे द्रव्य बाधू शकते, सबब तिला हे सरबत देऊ नये. पिताना एका भागात तीन भाग पाणी घालावे.

सालींचे लोणचे करावे. फोडींच्या वजनाचा पाचवा भाग मीठ व वर लिंबाचा रस बुडेपर्यंत, एवढे सांभाळले की बाकीचे गडहिंग्लजच्या बाजारातील मिरची सांभाळते.

ज्या फळांच्या वाटेस जाऊ नये

सीताफळ डोंगरउतारावर व बांधावर विपुल येते आणि दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून त्याचा जाम करण्याची कल्पना हटकून सुचते. ती सोडून द्यावी. सीताफळाचा गर तापविला की कडवट होतो व तपकिरी पडतो. साखरेने तो दोष झाकत नाही. कारखान्यांत हा गर गोठवून ठेवतात, तेवढी थंडी खेड्यातील घरात अखंड मिळणे कठीण. सीताफळ झाडावर डोळे उघडताच तोडून, पेंढ्यात ठेवून, ताजेच विकणे वा खाणे श्रेयस्कर.

पिकलेल्या पपईचा जाम होतो, पण तिच्यात आंबटपणा नसल्याने किलोभर गरास सहा-सात ग्रॅम सायट्रिक आम्ल व पाऊण ते एक किलो साखर लागते. चव बेताचीच. जेथे पेरूचा गर शिल्लक असेल तेथे तो निम्मा मिसळल्यास सुधारते. कवठाचे मात्र उलट आहे. त्यात पेक्टिन व आंबटपणा दोन्ही भरपूर, आणि त्याची जेली पेरूच्या जेलीच्या तोडीस तोड उतरते. दुर्दैवाने कवठाचे झाड आता गावोगाव राहिलेले नाही.

बाटल्या

एवढे कष्ट करून पदार्थ फुकट जातो तो बाटलीपायी. रुंद तोंडाच्या, आट्यांच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. औषधाच्या, आणि विशेषतः कीटकनाशकाच्या, बाटल्या कितीही धुतल्या तरी अन्नासाठी वापरू नयेत. हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु ती पडते. मोठ्या पातेल्यात तळाशी फडके घालून बाटल्या थंड पाण्यात ठेवाव्यात व पाणी उकळू लागल्यावर दहा मिनिटे उकळाव्यात. जेली गरम असतानाच गरम बाटलीत, काठास बोटाच्या अर्ध्या पेराइतकी जागा सोडून, लाकडी पाटावर ठेवून भरावी. थंड फरशीवर ठेवलेली बाटली तडकते. काठ पुसून झाकण लावावे व भरलेल्या बाटल्या पुन्हा बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. पुस्तकांत यास दहा मिनिटे सांगितलेली असतात. येथील उंचीमुळे पाणी कमी उष्णतेवर उकळत असल्याने पंधरा द्यावीत. केवळ वर मेण ओतून बाटली बंद करण्याची जुनी पद्धत होती. मेण आकसून कडेने फट पडते, म्हणून ती आता शिफारशीस पात्र नाही. स्क्वॅशच्या बाटल्या भरल्यावर उकळावयाच्या नसतात. त्या फक्त आधी निर्जंतुक करून कोरड्या कराव्यात.

उघडताना झाकण फुगलेले, पदार्थावर फेस किंवा आंबूस वास आढळल्यास चव पाहण्यासही तो तोंडात घालू नये. वर बुरशी आली असता तेवढी काढून खालचे खाण्याची चाल घरोघरी आहे. बुरशीचे विष डोळ्यांस न दिसता खाली उतरते, त्यामुळे ती बाटली टाकूनच द्यावी. याउलट जेलीने थोडे पाणी सोडले तर भीतीचे कारण नाही, आंबटपणा जास्त झाला एवढाच त्याचा अर्थ. साखरेचे खडे धरले तर आंबटपणा कमी पडला किंवा साखर जास्त झाली असे समजावे.

खर्चाचा विचार

फळ घरचे, म्हणून जेली फुकट, असा हिशेब करून बचत गट विक्रीस उतरतात व पहिल्याच वर्षी हात पोळून घेतात. दहा किलो पेरूपासून सुमारे आठ लिटर रस मिळाला असे धरले तर त्यास सहा किलो साखर लागते व जेली नऊ किलोच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोच्या अठरा बाटल्या होतात. या अठरा बाटल्यांच्या किमतीत सर्वांत लहान वाटा पेरूचा असतो. साखर, बाटल्या व झाकणे, सरपण किंवा गॅस, आणि दोन बायकांची एक रात्र व एक सकाळ, हा खरा खर्च. त्या दोघी त्या सकाळी भुईमूग काढण्यास गेल्या असत्या तर काय मजुरी मिळाली असती तेही त्यात धरले पाहिजे. हा हिशेब मांडल्यावर पुष्कळदा असे दिसते की घरच्या वापरासाठी व पाहुण्यांना देण्यासाठी दहा-बारा बाटल्या करणे फायद्याचे, लिंबाचा स्क्वॅश मार्च-एप्रिलपर्यंत ठेवून विकणेही फायद्याचे, परंतु दिवाळीतच पेरूची जेली तयार करून लगेच बाजारात नेणे बेभरवशाचे. कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक दाखविताना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा, मग कृती.

विक्री करावयाची असल्यास परवान्याकडे दुर्लक्ष चालत नाही. १९५५ च्या फळपदार्थ आदेशाची जागा आता २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आहे व त्याखाली लहान गृहोद्योगासही नोंदणी करावी लागते. जाममध्ये व जेलीत फळाचा अंश शेकडा ४५ पेक्षा कमी नसावा आणि स्क्वॅशमध्ये रस शेकडा २५ पेक्षा कमी नसावा, ही मर्यादा पाळावी लागते. लिंबाच्या स्क्वॅशचे वर दिलेले प्रमाण तीत बसते. बाटलीवर पदार्थाचे नाव, घटक, संरक्षक द्रव्य, वजन व तयार केल्याची तारीख लिहावी. घरच्या बाटल्यांवरही निदान तारखेची चिठ्ठी असावी, म्हणजे पुढील दिवाळीस कोणती बाटली आधी काढावयाची यावरून घरात वाद होणार नाही.